संत योसाफात आणि कान्हेरीचा डोंगर

ख्रिस्तसभेच्या जुन्या रोमन संतनामावलीत २७ नोव्हेंबर या तिथीखाली दोन नावे जोडीने छापलेली असत : बारलाम आणि योसाफात. इराणच्या सीमेलगतच्या हिंदी लोकांतले हे दोन संत, आणि त्यांचे अद्भुत चरित्र दमास्कसच्या संत योहानाने लिहिले, एवढीच त्यांची ओळख तिथे दिलेली असे. पोप तेरावे ग्रेगरी यांच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, या संतनामावलीची दुरुस्ती झाली. पुढे कार्डिनलपदाला चढलेले चेझारे बारोनियो यांच्यासारखा जाडा इतिहासकार त्या कामात होता. त्यांनीही ही दोन नावे राहू दिली.

आपल्या धर्मग्रामांत संत फ्रान्सिस झेवियर आणि वसईचे संत गोन्सालो गार्सिया ही नावे लहान मुलांनाही तोंडपाठ असतात. योसाफात हे नाव मात्र उच्चारले, तर जाणकार वाचक फार तर पोलोत्स्कचे आर्चबिशप, हुतात्मा संत योसाफात कुन्सेविच (१५८० ते १६२३) यांच्याकडे बोट दाखवील; किंवा जुन्या करारातल्या यहोशाफाट राजाची आठवण काढील. ते दोघेही वेगळे. आम्हाला ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे तो योसाफात भारताचा राजपुत्र म्हणून सांगितला जाई. युरोपच्या मध्ययुगात त्याच्याइतका लोकप्रिय झालेला भारतीय क्वचितच दुसरा कोणी असेल. आणि तो नेमका कोण होता, हे कळल्यावर श्रद्धावंत माणूस आधी चमकतो आणि मग विचारात पडतो.

आधी ती कथा सांगू या.

भारतात आवेन्नेर नावाचा एक बलाढ्य राजा राज्य करीत होता. प्रेषित संत तोमाच्या उपदेशाने या देशात ख्रिस्ताचा धर्म रुजला होता. पण राजा मूर्तिपूजक आणि विलासी. संन्याशांचा तर त्याला विलक्षण तिटकारा. त्यांना तो शोधशोधून हद्दपार करी, कित्येकांना जाळून मारी. सर्व वैभव असून त्याच्या पोटी संतान नव्हते. अखेर पुत्र झाला, त्याचे नाव योसाफात ठेवले. बारशाच्या सोहळ्याला पंचावन्न ज्योतिषी जमले. चोपन्न जणांनी राजाला रुचेल असे भविष्य सांगितले : थोर राजा होईल, धनवान होईल. पंचावन्नावा म्हणाला, याचे राज्य तुझ्या राज्याहून निराळे आहे. तू ज्या धर्माचा छळ करतोस तोच हा स्वीकारील.

राजा हादरला. त्याने एक देखणा राजवाडा बांधला आणि मुलाला त्यात ठेवले. सेवक सगळे तरुण, सुंदर आणि निरोगी. कोणी आजारी पडला की त्याला त्याच घटकेला बाहेर काढावयाचे. म्हातारपण, रोग, मृत्यू आणि ख्रिस्त हे चार शब्द मुलाच्या कानी पडता कामा नयेत, अशी सक्त ताकीद. मुलगा मोठा झाला, बुद्धिमान निघाला, आणि आपल्याला कोंडून का ठेवले आहे असे विचारू लागला. शेवटी बापाने परवानगी दिली. बाहेर पडलेल्या राजपुत्राला एके दिवशी एक महारोगी आणि एक आंधळा दिसला. दुसऱ्या दिवशी दात पडलेला, कंबरेत वाकलेला म्हातारा. हे सर्वांनाच होते का? मलाही होईल? आणि याच्या पुढे काय? सेवकाला खरे ते सांगावे लागले. त्या दिवसापासून राजपुत्राला अन्न गोड लागेना.

इकडे अरण्यात तपश्चर्या करणाऱ्या बारलाम नावाच्या वृद्ध संन्याशाला देवाचा संकेत झाला. व्यापाऱ्याचा वेष घेऊन तो राजवाड्याच्या दाराशी आला. माझ्याजवळ एक अमोल रत्न आहे, पण ज्याची दृष्टी निर्मळ आणि चारित्र्य शुद्ध त्यालाच ते दिसते, असे सांगून त्याने आत प्रवेश मिळवला. ते रत्न म्हणजे ख्रिस्ताची सुवार्ता. दृष्टान्तामागून दृष्टान्त देत बारलामने राजपुत्राला श्रद्धेची शिकवण दिली, बाप्तिस्मा दिला आणि तो निघून गेला.

बातमी राजाला कळली. त्याच्या मंत्र्याने युक्ती काढली. नाखोर नावाचा एक म्हातारा हुबेहूब बारलामसारखा दिसे. त्याला बारलाम म्हणून उभे करावयाचे, सर्वांसमक्ष वादविवाद घडवावयाचा आणि त्याने मुद्दाम हरावयाचे, असा बेत ठरला. राजपुत्राने कावा ओळखला. नाखोरला त्याने बजावले, तू हरलास तर तुझी जीभ मी स्वतःच्या हाताने उपटीन. (संताच्या तोंडी ही धमकी आम्हाला नेहमीच थोडी विनोदी वाटत आली आहे, कथाकाराला तसे वाटले नसावे.) भेदरलेला नाखोर उभा राहिला आणि ख्रिस्ती श्रद्धेचे त्याने असे तेजस्वी समर्थन केले की सगळे पंडित निरुत्तर झाले, आणि बोलता बोलता तो स्वतःही ख्रिस्ताकडे वळला. मग थेउदास नावाच्या मांत्रिकाच्या सल्ल्याने राजपुत्राभोवती सुंदर तरुणींचा वेढा पडला. तोही निष्फळ ठरला. शेवटी राजाने राज्याची वाटणी केली. मुलाच्या वाट्याचे राज्य भरभराटले, बापाचे खचत गेले. बापाने पश्चात्ताप केला, मुलाच्या हातून श्रद्धेची दीक्षा घेतली आणि तो शांतपणे मरण पावला. त्यानंतर योसाफातने राजमुकुट उतरवला, बारखियास नावाच्या सज्जनाच्या मस्तकी ठेवला, आणि दोन वर्षे रानोमाळ भटकून त्याने आपल्या गुरूला शोधून काढले. उरलेले आयुष्य त्याने अरण्यातच घालवले.

वाचकहो, कथा ओळखीची वाटली ना? महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या कोणत्याही मुलाला ती ओळखीची वाटेल. शुद्धोदन राजा; आठ ब्राह्मणांपैकी, हा बुद्धच होणार, असे निःसंदिग्धपणे सांगणारा एकटा कौण्डिण्य; ऋतुऋतूंचे प्रासाद; रथातून बाहेर पडलेल्या सिद्धार्थाला दिसलेला म्हातारा, रोगी, प्रेत आणि चौथा शांत मुद्रेचा संन्यासी; माराने पाठवलेल्या मोहिनी; आणि महाभिनिष्क्रमण. अश्वघोषाच्या बुद्धचरितात आणि ललितविस्तरात जे आहे, त्याचाच सांगाडा इथे ख्रिस्ती वस्त्रे लेवून उभा आहे.

आता हे घडले कसे? कोणी लबाडीने बुद्धाला ख्रिस्ती केले काय? तसे मुळीच नाही. शब्दांच्या प्रवासाकडे पाहिले की सगळे उलगडते. बुद्धत्व प्राप्त होण्यापूर्वीच्या सिद्धार्थाला बौद्ध परंपरा बोधिसत्त्व म्हणते. ही कथा व्यापारी मार्गांनी मध्य आशियात आणि इराणात गेली. मानी या इराणी धर्मसंस्थापकाचे अनुयायी ती आवडीने सांगत. (आपले संत ऑगस्टीन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे याच मानी पंथात होते.) विसाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या वायव्येकडील तुर्फानच्या वाळवंटी अवशेषांत मानी पंथीयांची जी हस्तलिखिते सापडली, त्यांत या कथेचे तुकडे मिळाले आहेत. पहलवी भाषेतून ती आठव्या शतकाच्या सुमारास बगदादच्या परिसरात अरबी भाषेत उतरली. तिथे बोधिसत्त्वाचा बुदासफ झाला आणि गुरूचे नाव बिलौहर पडले. दहाव्या शतकातल्या इब्न अल्-नदीमच्या ग्रंथसूचीत या पुस्तकाची नोंद आहे. मजेची गोष्ट अशी की, इस्माइली पंथीयांनी जपलेली तिची अरबी प्रत शिळाछापावर छापली गेली ती आपल्या मुंबईत, १८८८-८९ च्या सुमारास.

अरबी लिपीत शब्दाच्या आरंभी येणारे ‘ब’ आणि ‘य’ सारखेच दिसतात. फरक खालच्या टिंबाचा. ‘ब’खाली एक टिंब, ‘य’खाली दोन. एखाद्या लेखनिकाच्या बोरूने एक टिंब अधिक टाकले, आणि बुदासफचा युदासफ झाला. जॉर्जियन भाषेत तो इओदासाफ, ग्रीकमध्ये इओआसाफ, लॅटिनमध्ये योसाफात. इतक्या मुक्कामांनंतर यहुदी राजाच्या नावाशी त्याचे साम्य झाले आणि कोणाला शंका येण्याचे कारणच उरले नाही.

त्या एका टिंबाचा दुसराही एक परिणाम आहे, आणि तो सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. श्रीनगरला रोजाबल नावाची एक कबर आहे. तिथे युझ आसफ नावाचा परदेशी राजपुत्र पुरलेला आहे, असे अठराव्या शतकातल्या काश्मिरी इतिहासात लिहिले गेले. १८९९ च्या सुमारास अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी असे प्रतिपादन केले की, हा युझ आसफ म्हणजे प्रत्यक्ष येशू ख्रिस्त. क्रुसावरून जिवंत उतरून तो काश्मीरला आला. या विषयावर पुष्कळ पुस्तके निघाली. महाविद्यालयात जाणारी आपली मुले ती वाचतात आणि गोंधळतात. त्यांना हे सांगावे की, युझ आसफ म्हणजे अरबी कथेतला युदासफ. फारसी आणि उर्दू उच्चारात त्यातला ‘द’ हा ‘झ’ होतो. त्या अरबी कथेत नायकाचा अंत काश्मीरमध्ये होतो असे सांगितले आहे, आणि ते काश्मीर म्हणजे बुद्धाचे निर्वाणस्थान कुशीनगर, हेही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्याच कथेत मरतेवेळी जवळ असलेला शिष्य बुद्धाच्या आनंदाची आठवण करून देतो. ज्या अपभ्रंशाने युरोपला एक संत मिळाला, त्याच अपभ्रंशावर काश्मिरात ख्रिस्ताची कबर उभी राहिली.

कथेला ख्रिस्ती रूप प्रथम मिळाले ते कॉकेशस पर्वताच्या कुशीतल्या जॉर्जियात, नवव्या-दहाव्या शतकात. तिथल्या ‘बालवरियानी’ या ग्रंथाची विस्तृत प्रत जेरुसलेमच्या हस्तलिखितांतून १९५७ साली प्रकाशित झाली. तिचे ग्रीक रूपांतर केले ते अ‍ॅथोस पर्वतावरच्या इविरॉन मठातील जॉर्जियन मठवासी एउथिमिउस यांनी. त्यांचा मृत्यू १०२८ साली झाला. कित्येक शतके ग्रीक ग्रंथाचे कर्तृत्व दमास्कसच्या संत योहानाकडे दिले जाई, आणि थोरामोठ्याच्या नावामुळे ग्रंथाला मान मिळे. पण संत योहान आठव्या शतकाच्या मध्यास वारले होते. ग्रीक संहितेची चिकित्सक आवृत्ती २००६ ते २००९ या काळात जर्मनीत निघाली, तिने एउथिमिउसच्या बाजूने निकाल दिला असे म्हणावयास हरकत नाही. १०४८ च्या सुमारास लॅटिन भाषांतर झाले. तेराव्या शतकात जेनोवाचे आर्चबिशप याकोबुस यांनी आपल्या ‘सुवर्णकथा’ या सुप्रसिद्ध संतचरित्रसंग्रहात ही कथा घातली, आणि मग आइसलँडपासून इथिओपियापर्यंत ती पसरली. राजाच्या चार पेट्यांचा जो दृष्टान्त बारलाम देतो, सोन्याने मढवलेल्या पेट्यांत हाडे आणि डांबर फासलेल्या पेट्यांत रत्ने, तो फिरत फिरत शेक्सपियरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये जाऊन पोचला.

बारलामच्या दृष्टान्तांतला एक मात्र आम्ही सविस्तर सांगणार आहोत, कारण तो आपल्याच मातीतला आहे. एक माणूस एकशिंगी श्वापदाच्या भीतीने पळत सुटतो आणि खोल गर्तेत पडतो. पडता पडता एका झाडाला धरून लोंबकळतो. खाली पाहतो तो अजगर जबडा पसरून बसला आहे. पायांशी चार सापांची तोंडे. झाडाच्या मुळाशी एक पांढरा आणि एक काळा उंदीर, दोघेही मूळ कुरतडताहेत. आणि अशा वेळी वरच्या फांदीवरून मधाचा थेंब ओघळतो. माणूस जीभ बाहेर काढतो, थेंब चाटतो आणि सारे विसरतो. श्वापद म्हणजे मृत्यू. उंदीर म्हणजे दिवस आणि रात्र. झाड म्हणजे आयुष्य. चार साप म्हणजे देह ज्यांचा बनला ती चार तत्त्वे. मध म्हणजे संसारातले सुख.

हा दृष्टान्त महाभारताच्या स्त्रीपर्वात आहे. कुरुक्षेत्र संपले आहे, शंभर पुत्र गेले आहेत, आणि विदुर आंधळ्या धृतराष्ट्राला हे सांगतो आहे. तिथे श्वापदाच्या जागी सहा तोंडांचा आणि बारा पायांचा हत्ती आहे : सहा ऋतू, बारा महिने, म्हणजे संवत्सर. जैन मुनी हीच गोष्ट मधुबिंदूचा दृष्टान्त म्हणून सांगतात. इटलीतल्या पार्मा शहराच्या बाप्तिस्मागृहाच्या दक्षिण द्वारावर शिल्पकार आंतेलामी याने बाराव्या-तेराव्या शतकाच्या संधिकाळात हे झाड, तो माणूस आणि ते उंदीर दगडात कोरले. टॉलस्टॉयने आपल्या ‘कबुलीजबाब’ या आत्मपर ग्रंथात स्वतःच्या मनःस्थितीचे वर्णन करण्यासाठी हाच मध आणि हेच उंदीर घेतले. हिंदू, बौद्ध, जैन, मुसलमान, ख्रिस्ती अशा इतक्या मुखांतून सांगितलेली दुसरी गोष्ट आम्हाला तरी चटकन आठवत नाही.

देवाणघेवाण एकाच दिशेने झाली नाही. नाखोरच्या तोंडी जे भाषण आहे, त्याची गंमत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उघड झाली. दुसऱ्या शतकात आरिस्तीदेस नावाच्या अथेन्सच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने रोमन सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती श्रद्धेचे समर्थन लिहिले होते, असे युसेबियसच्या इतिहासात नमूद आहे. पुस्तक मात्र हरवले होते. १८८९ मध्ये रेंडेल हॅरिस या इंग्रज विद्वानाला सिनाई पर्वतावरील संत कॅथरीनच्या मठात त्याचे सिरियन भाषांतर सापडले. ते वाचताना आर्मिटेज रॉबिन्सन यांच्या लक्षात आले की, हे आपण आधी ग्रीकमध्ये वाचले आहे : नाखोरचे भाषण ते हेच! ग्रीक रूपांतरकाराने आरिस्तीदेसचे समर्थन जवळजवळ जसेच्या तसे कथेत गुंफले होते. आद्य ख्रिस्तसभेचे एक मौल्यवान लेखन बुद्धाच्या कथेच्या ओटीत नऊशे वर्षे सुखरूप राहिले.

आता भारताकडे येऊ. सोळाव्या शतकात हा राजपुत्र पोर्तुगीज गलबतांतून पूर्वेकडे निघाला. येशूसंघीयांनी गोव्यामार्गे जपानला छापखाना नेला आणि १५९१ मध्ये काझुसा येथे संतचरित्रांचे जे पुस्तक जपानी भाषेत छापले, त्यात बारलाम आणि योसाफात आहेत. चिनी आणि फिलिपाइन्सच्या तागालोग भाषेतही ते पुढे गेले. ज्या जपानी माणसाने बुद्धाचा धर्म सोडून ख्रिस्ताचा घेतला, त्याच्या हाती पडलेल्या पहिल्या संतचरित्रांत पुन्हा बुद्धच निघावा! त्या वेळी हे कोणालाच दिसले नसावे.

ते दिसले आपल्या साष्टीत. गोव्याची साष्टी नव्हे, ठाण्याची, वांद्रे-बोरिवलीची. दियोगो दो कोउतो हे १५४२ मध्ये लिस्बनला जन्मले, १५५९ मध्ये भारतात आले आणि १६१६ मध्ये गोव्यात वारले. गोव्याच्या दप्तरखान्याचे ते रक्षक आणि पोर्तुगीज हिंदुस्थानचे बखरकार. १६१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाचव्या ‘देकाद’मध्ये सिंहलद्वीपाच्या निमित्ताने ‘बुदाओ’ची, म्हणजे बुद्धाची हकीकत आहे. ती लिहिताना त्यांना योसाफात आठवतो आणि पाठोपाठ कान्हेरीची लेणी आठवतात. एकाच डोंगरात कोरलेल्या त्या असंख्य दालनांविषयी त्यांनी एका म्हाताऱ्याला विचारले होते : हे कोणी केले असेल? म्हाताऱ्याने उत्तर दिले, यात शंकाच नाही. संत योसाफाताच्या बापाने मुलाला एकान्तात वाढवण्यासाठी हे करविले. यावरून कोउतो यांनी तर्क केला की, योसाफात जर हिंदुस्थानच्या थोर राजाचा पुत्र होता, तर ज्याच्याविषयी इतक्या अद्भुत गोष्टी सांगतात तो बुदाओ कदाचित तोच असेल.

या ओळींवर आम्ही पुष्कळदा थांबलो आहो. कोण असेल हा म्हातारा? कोउतो त्याचे नाव देत नाहीत. वसई आणि साष्टी १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे आली. फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय धर्मगुरूंची प्रवचने त्या भागात अर्धशतकाहून अधिक काळ चालू होती. संतचरित्रे सांगितली जात होती. प्रवचनातून ऐकलेली गोष्ट त्याने डोळ्यांसमोरच्या डोंगराला जोडली, असा आमचा तर्क आहे. आपल्याकडे लेणे दिसले की ते पांडवांनी एका रात्रीत कोरले असे सांगण्याची रीत आहे. हा ख्रिस्ती वळणाचा म्हातारा पांडवांऐवजी योसाफाताला बोलावतो. कोउतो यांना जे हवे होते तेच ऐकू आले असावे, असेही कोणी म्हणेल. काहीही असो. कान्हेरी राजवाडा नव्हता, तो भिक्षूंचा विहार होता. पण ज्याच्या नावाने ती शंभराहून अधिक लेणी खोदली गेली, त्याचेच नाव, बिघडलेल्या रूपात का होईना, त्या माणसाच्या ओठांवर आले. युरोपच्या पंडितांना तिथवर यावयास आणखी अडीचशे वर्षे लागली. १८५९ मध्ये फ्रान्सचे लाबूले, पुढच्याच वर्षी जर्मनीचे लीब्रेख्त आणि १८७० मध्ये मॅक्स म्यूलर यांनी ही गोष्ट सप्रमाण मांडली. म्यूलर यांच्या व्याख्यानाचा गाजावाजा झाला. ख्रिस्तसभेच्या विरोधकांनी टाळ्या पिटल्या : पाहा, यांनी बुद्धालाच संत करून ठेवले!

इथे आमच्या श्रद्धावंत वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. एक संत जर असा कथेतून निर्माण झाला, तर बाकीच्यांचे काय? आपली आजी ज्या संताला नवस बोलली, तोही असाच कोणी असेल का?

प्रथम हे लक्षात घ्यावे की, बारलाम आणि योसाफात यांना संतपदावर बसवण्याची चौकशी कधी झाली नाही. संतघोषणेचा अधिकार पोपकडे एकवटला तो बाराव्या-तेराव्या शतकांत. त्याआधी आणि त्याबाहेर लोकांच्या भक्तीतून अनेक नावे आली. ही दोन नावे आली ती एका पुस्तकाच्या आणि त्यावर लावलेल्या दमास्कसच्या योहानाच्या नावाच्या भरवशावर. भक्ती मात्र खरी होती. १५७१ मध्ये व्हेनिसचे अधिपती मोचेनिगो यांनी पोर्तुगालचा राजा सेबास्तियन याला संत योसाफाताच्या पाठीच्या कण्याचे हाड अवशेष म्हणून भेट दिले. ते पुढे अँटवर्पला गेले. ते हाड कोणाचे होते, हे देवच जाणे.

दुसरे असे की, ही नावे तपासण्याचे काम विरोधकांनी केले त्याहून अधिक कसोशीने ख्रिस्तसभेतल्याच माणसांनी केले. बोलांदिस्त म्हणून ओळखला जाणारा येशूसंघीय विद्वानांचा गट सतराव्या शतकापासून संतचरित्रांतले खरे आणि खोटे वेगळे करीत आला आहे. त्यांच्या महाग्रंथाचा पहिला खंड १६४३ मध्ये निघाला. त्या काळी त्यांना धर्मगुरूंकडूनच शिव्या खाव्या लागल्या. त्यांच्यापैकी फादर पॉल पेटर्स यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले की ग्रीक कथेचे मूळ जॉर्जियन आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर नव्याने तयार झालेली रोमन संतनामावली २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत बारलाम आणि योसाफात नाहीत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा मात्र त्यांचा सण अजून पाळतात. ज्या नावामागे माणूस नाही ते नाव काढण्याने, ज्यांच्यामागे साक्षीपुरावे आहेत, ती नावे डळमळीत होत नाहीत. उलट त्यांचा भरवसा वाढतो. संत गोन्सालो नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर गेले, हे पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे.

‘पोपने बुद्धाला संत केले’ हे वाक्यही म्हणूनच आम्हाला उथळ वाटते. योसाफात आणि सिद्धार्थ यांच्यामध्ये मोठे अंतर आहे. सिद्धार्थाला जे गवसले ते गुरूविना, स्वतःच्या साधनेने. योसाफाताला बारलाम भेटला नसता तर तो राजवाड्यातच झुरत राहिला असता. सिद्धार्थाच्या मार्गात सृष्टिकर्त्या परमेश्वराला जागा नाही. योसाफाताचे सारे जीवन त्याच्याच दिशेने वळते. हे भेद झाकून दोन्ही सारखेच म्हणणे हा बौद्धांचाही अपमान आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर ज्या लाखोंनी दीक्षा घेतली, त्यांची मुलेनातवंडे आज आपल्या शेजारी राहतात, आपल्या शाळांत शिकतात. तुमचा बुद्ध आमचाच एक संत, असे त्यांना सांगावयास जाणे हा शहाणपणा नव्हे.

आम्हाला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. एक हजार वर्षे जॉर्जियाचे मठवासी, अ‍ॅथोसचे तपस्वी, सिसिलीचे शेतकरी आणि लिस्बनचे राजे या गोष्टीपुढे नतमस्तक झाले. मूळ नायक कोण हे त्यांना माहीत नव्हते. गोष्ट मात्र खरी आहे हे त्यांच्या अंतःकरणाने ओळखले. सुखाच्या भिंतीआड वाढलेला मुलगा पहिल्यांदा म्हातारा पाहतो आणि विचारतो, मलाही हे होईल? हा प्रश्न कोणत्या धर्माचा, हे विचारण्याची गरज त्यांना भासली नाही. व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात बौद्ध धर्माचा आदरपूर्वक उल्लेख केला आणि हे पालटते जग अपुरे आहे याची जाणीव त्या धर्मात आहे असे म्हटले, तेव्हा तिने नवीन काही सांगितले असे आम्हाला वाटत नाही. आपल्या पूर्वजांनी न जाणता जे केले ते तिने जाणून केले.

त्या म्हाताऱ्याच्या गावाकडे पुन्हा वळू. कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत वीस फुटांहून उंच अशा दोन बुद्धमूर्ती समोरासमोर उभ्या आहेत. कोउतो यांच्या काळात त्या परिसरात फ्रान्सिस्कनांचा वावर होता आणि एका लेण्याला संत मायकलचे नाव दिलेले होते. नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यात १००९ आणि १०२१ या वर्षी येऊन गेलेल्या पारशी यात्रेकरूंनी आपली नावे पहलवीत कोरली आहेत. बोधिसत्त्वाची कथा ज्या भाषेतून पश्चिमेला गेली तीच ही भाषा. बाकीचे बहुतेक लेख ब्राह्मी लिपीत आहेत. ते वाचणारा कोउतो यांच्या काळी पृथ्वीच्या पाठीवर कोणी नव्हता. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली ती १८३७ मध्ये. आता ते वाचता येतात. कोणी टाके खोदविले, कोणी खोली, कोणी भिक्षूंच्या वस्त्रांसाठी ठेव ठेवली. दाते कल्याणचे आहेत, चेऊलचे आहेत, आणि काही सोपाऱ्याचे आहेत. त्या सोपाऱ्यात भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये स्तूप उकरला आणि एकात एक ठेवलेल्या करंडकांच्या पोटात त्यांना भिक्षापात्राचे तुकडे मिळाले. तिथून जवळच, भुईगावला, १९५६ मध्ये अशोकाचा नववा शिलालेख सापडला. भुईगावचे ख्रिस्ती शेतकरी आजही त्या परिसरात राहतात.